मनगटातली दबलेली नस आणि थर्मल कॅमेरा: तपासणी कशी करावी, आकडे कसे वाचावेत

रात्री दोन-तीनच्या सुमारास हात मुंग्यांनी भरून येतो, झोप मोडते, हात झटकला की जरा बरं वाटतं. स्कूटरचं हँडल धरलं की पाच मिनिटांत बोटं बधिर. पोळ्या लाटताना, मोबाइल कानाला लावून बोलताना तेच. बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला. करंगळी मात्र शाबूत. ही तक्रार ऐकली की मनगटाशी मीडियन नर्व्ह दबली असावी, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम असावा, हा संशय पहिला येतो आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो.

अशा रुग्णात थर्मल कॅमेरा काय मदत करू शकतो आणि कुठे दिशाभूल करतो, हे फिजिओथेरपिस्ट, ऑर्थोपेडिक विभागातले निवासी डॉक्टर आणि एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते विजेच्या झटक्याने मोजणारी चाचणी) करणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी इथे सांगितलं आहे. रुग्णानेही वाचायला हरकत नाही. पण मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा आणून घरी निदान करण्याची ही गोष्ट नव्हे.

कॅमेऱ्याला नस दिसत नाही

मनगटाची हाडं तळाला आणि बाजूंना, वर जाड आडवा लिगामेंट, अशी ही अरुंद जागा. तिच्यातून बोटं मिटणाऱ्या स्नायूंचे ९ टेंडन आणि त्यांच्या सोबतीला मीडियन नर्व्ह जाते. सूज आली, की सगळ्यात मऊ असलेली नस चेपली जाते.

मीडियन नर्व्हमध्ये संवेदनेचे तंतू आहेत, अंगठ्याच्या स्नायूंचे आहेत आणि सिंपथेटिक तंतूही आहेत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि घाम आपोआप सांभाळणारे. आपला संबंध या तिसऱ्यांशी. बोटांच्या टोकांच्या गादीत धमनी आणि शीर थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. सिंपथेटिक तंतू त्या वाटा उघडतात आणि मिटतात, त्यावर बोट ऊबदार राहणार की गार पडणार हे ठरतं. नसेवर दाब आला की हे नियंत्रण बिघडतं आणि मीडियनच्या बोटांचं तापमान करंगळीपासून फारकत घेतं, कारण करंगळीचा कारभार अल्नर नर्व्हकडे आहे.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बोट गार म्हणजे नस दबलेली आणि गरम म्हणजे ठीक, असं नाही. चिडलेले तंतू रक्तवाहिन्या आवळून धरतात तेव्हा बोट गार पडतं. तंतू दुबळे झाले की वाहिन्या सैल पडतात आणि बोट उलट ऊबदार होतं. रुग्णांमध्ये दोन्ही चित्रं दिसतात. म्हणून शोधायचा तो एकाच हातातल्या दोन नसांच्या प्रदेशांमधला वेगळेपणा. ही चाचणी कामाला येते ती एवढ्या एका तुलनेसाठी, आणि पुढची सगळी शिस्त ती तुलना स्वच्छ राहावी म्हणून आहे.

थर्मोग्राफीच्या एकट्या भरवशावर कार्पल टनेलचं निदान करू नये, ऑपरेशनचा निर्णय तर मुळीच नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत तिची अचूकता वेगवेगळी निघाली आहे. रुग्णाची हकिगत, हाताची तपासणी, एनसीव्ही आणि सोनोग्राफी यांच्या मागे तिची जागा.

कॅमेरा

त्वचेसाठी साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात काम करणारा, थंड करावा न लागणारा कॅमेरा पुरतो. दोन आकडे बघून घ्यायचे. पहिला, संवेदनक्षमता: ०.०५ अंश किंवा त्याहून बारीक फरक ओळखता यायला हवा. दुसरा, रिझोल्यूशन: किमान ३२० × २४०.

रिझोल्यूशनचा हिशोब करून पाहा. ४५ अंशांची लेन्स ६० सेंमीवर ठेवली तर साधारण ५० सेंमी रुंदीचं दृश्य मिळतं, म्हणजे दोन्ही हात शेजारी शेजारी मावतात. ३२० पिक्सेलमध्ये ही रुंदी वाटली तर एक पिक्सेल सुमारे दीड मिमीचा. बोटाची गादी १५ मिमी रुंद धरली तर तिच्यावर १० पिक्सेल पडतात आणि मधला भाग निवांत मोजता येतो. तेच ८० × ६० च्या स्वस्त जोडकॅमेऱ्यात एक पिक्सेल ६ मिमीचा होतो. गादीवर जेमतेम २ ते ३ पिक्सेल, आणि त्यातही कडेच्या पिक्सेलमध्ये मागचा पडदा मिसळलेला. बोट असेल त्यापेक्षा गार दिसणार, आणि करंगळी सगळ्यांत बारीक म्हणून तिला फटका जास्त. म्हणजे ज्या बोटाच्या आधाराने तुलना करायची, तेच चुकतं.

साध्या औद्योगिक कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात अचूकता ±२ अंश लिहिलेली असते. ते वाचून घाबरायचं कारण नाही. एकाच फोटोतल्या दोन बोटांमध्ये ही चूक बरीचशी सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते. निव्वळ तापमानावर मात्र विसंबू नये.

कॅमेरा सुरू करून अर्धा तास तसाच ठेवा. आत जे मधूनमधून टकटक वाजतं, ते शटर पडून सेन्सर स्वतःला सावरतो आहे. फोटो त्या टकटकीनंतर लगेच घ्या. महिन्यातून एकदा घरगुती पडताळणी करता येते. पातळ पत्र्याच्या स्टीलच्या पातेल्यात ३२ अंशांचं पाणी घ्या, बाहेरून पाण्याच्या पातळीच्या खाली काळी इलेक्ट्रिकल टेप घट्ट चिकटवा, पाणी ढवळत राहा, चांगला थर्मामीटर बुडवा आणि कॅमेरा टेपवर रोखून, एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती पूर्णपणे बाहेर टाकतो याचा आकडा) ०.९५ ठेवून वाचा. स्टीलवर किंवा उघड्या पाण्यावर रोखू नका: स्टील आरशासारखं खोलीच दाखवतं आणि पाण्याचा वरचा थर बाष्पीभवनाने गार असतो. दर महिन्याचा आकडा वहीत लिहा. तो सरकायला लागला की कॅमेरा कॅलिब्रेशनला पाठवायची वेळ झाली.

खोली

तापमान २२ ते २४ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के, आणि हवेचा झोत नाही. तिसरी अट आपल्याकडे सगळ्यांत अवघड. छताचा पंखा बंद. स्प्लिट एसीची हवा हातांवर येत असेल तर पाती वर वळवा, तेवढ्याने भागत नसेल तर तपासणीच्या आधी खोली गार करून फोटोपुरता एसी बंद ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तळहात दमट राहतात आणि घाम उडताना त्वचा गार होते. अशा वेळी एसी तासभर आधी ड्राय मोडवर चालवा. विदर्भातल्या मे महिन्यात उलट अडचण: रुग्ण ४४ अंशांच्या उन्हातून आलेला, सगळ्या वाहिन्या सताड उघड्या, पाचही बोटं सारखीच लाल. अशा रुग्णाला फोटोआधी बसवायची नेहमीची पंधरा मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास बसवा. खिडकीला जाड पडदा हवा. पिवळा बल्ब किंवा हॅलोजन हातांच्या जवळ नको.

कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी ०.९८ ठेवा. परावर्तित तापमान मोजायला ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून पुन्हा सरळ करा, हातांच्या जागी धरा, एमिसिव्हिटी १ आणि अंतर ० करून फॉइलचं वाचन घ्या, तोच आकडा सेटिंगमध्ये भरा. त्वचेवरून जेमतेम २ टक्के परावर्तन होतं. सेटिंग १० अंशांनी चुकलं तर वाचन ०.२ अंशाने सरकतं, फार नाही. पण एका हातावर खिडकीचं प्रतिबिंब आणि दुसऱ्यावर भिंतीचं, असं झालं तर हाच ०.२ अंश खोटा फरक बनून अहवालात बसतो.

रुग्णाला आधी काय सांगायचं

अपॉइंटमेंट देतानाच सांगा: ४ तास आधीपासून सिगारेट, बिडी, तंबाखू-चुना, मिसरी काही नाही, २ तास आधीपासून चहा-कॉफी नाही. ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारलं तर मिसरी लावणाऱ्या आजी नाही म्हणतील आणि ते खोटंही नसेल, म्हणून मिसरीचं नाव घेऊन विचारा. त्या दिवशी हाताला शेक, टेन्स (विजेच्या सौम्य झटक्यांचा उपचार), अल्ट्रासाउंड, मालिश नको. तेल, क्रीम, बाम लावू नये. मेंथॉल किंवा मिरचीच्या अर्काचा बाम असेल तर दुसऱ्या दिवसाची वेळ द्या.

आल्यावर घड्याळ, अंगठ्या, मनगटाचा धागा, बांगड्या आणि रात्रीची पट्टी काढायला सांगा. हिरवा चुडा किंवा गंडा काढायचा नसेल तर जबरदस्ती नको. हात खाली सोडून बांगड्या कोपराकडे सरकवा आणि तशी नोंद करा. कोणती औषधं चालू आहेत तेही लिहा: बीटा-ब्लॉकरने बोटं गार पडतात, ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी ऊबदार.

तपासणीचा क्रम

क्रम चुकला तर सगळं वाया जातं. रुग्ण बसला की लगेच हात हातात घेऊन दाबून बघायची डॉक्टरांची सवय असते. ती इथे आवरावी लागते.

रुग्णाला खुर्चीत बसवा, बाह्या कोपरापर्यंत वर. हात मांडीवर नकोत, एकमेकांत गुंफलेले नकोत, टेबलावर टेकलेले नकोत. समोर हृदयाच्या उंचीला जाळीची चौकट ठेवून तिच्यावर हात अलगद ठेवायला सांगा. बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटची जाळीसुद्धा चालते. टेबलाचा पृष्ठभाग उष्णता खेचून घेतो आणि मग फोटोत नसेऐवजी टेबल दिसतं. घड्याळ लावून १५ मिनिटं थांबा. हा वेळ रिकामा नाही: याच वेळात सगळी हकिगत विचारा. रात्री उठावं लागतं का, हात झटकून आराम पडतो का, कोणती बोटं, मानेतून कळ येते का, मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर, कंप पावणारी यंत्रं. हाताच्या बाह्यरेषेचं छापील चित्र देऊन बधिर जागा त्याच्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा आणि रंगवा तुम्ही. पेन धरायला दिलं तर हात हलला.

मग फोटो. मागे खोलीच्या तापमानाचा काळा, न चमकणारा कापडी पडदा, बोटं दीड-दोन सेंमी फाकवलेली, तळवे कॅमेऱ्याकडे, कॅमेरा तिपाईवर आणि हातांशी काटकोनात. बोट तिरकं पडलं की कडा खोट्या गार दिसतात. तळव्यांचे तीन फोटो दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घ्या, नंतर हाताच्या मागच्या बाजूचा एक. तीन का, तर बोटांचा रक्तप्रवाह मिनिटामिनिटाला लाटेसारखा वरखाली होत असतो. एका फोटोत दिसलेला फरक पुढच्या दोन फोटोंत उलटला तर तो नसेचा नव्हे.

रंगपट्टी कायम २४ ते ३६ अंशांवर बांधून ठेवा. ऑटो मोडमध्ये अर्ध्या अंशाचा फरकही निळा-लाल दिसतो, रुग्ण घाबरतो आणि पाहणारा डॉक्टर फसतो. फाइल रेडिओमेट्रिक स्वरूपातच, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या तापमानासकट साठवा. स्क्रीनशॉटमधून नंतर एकही आकडा काढता येत नाही.

हे झाल्यावरच फॅलन (मनगट वाकवून ६० सेकंद), टिनेल (मनगटावर नसेच्या जागी टकटक करून मुंग्या येतात का बघणं), मनगटावर ३० सेकंद अंगठ्याने दाब, अंगठ्याची ताकद आणि अंगठ्याखालच्या उंचवट्याची झीज या तपासण्या करा. सगळ्यांत शेवटी एनसीव्ही.

आकडे

तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी यांच्या गादीच्या मध्यावर सारख्या आकाराचा छोटा गोल ठेवून सरासरी तापमान काढा. अनामिका सोडून द्या, तिच्यात दोन्ही नसांचा वाटा आहे. अंगठ्याची नोंद ठेवा, पण तो जाड असल्याने तुलनेत धरू नका. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सरासरीतून करंगळी वजा करा. तीनही फोटोंसाठी, दोन्ही हातांसाठी.

समजा उजव्या हाताची तर्जनी २९.४, मधलं २९.२, करंगळी ३१.०. सरासरी २९.३, फरक उणे १.७. डाव्या हाताची ३१.२, ३१.० आणि ३०.९, सरासरी ३१.१, फरक अधिक ०.२. तक्रार उजव्या हाताची, आणि तीनही फोटोंत हेच चित्र. हे दखल घेण्यासारखं आहे. दुसऱ्या रुग्णात दोन्ही हातांची सगळी बोटं २५ ते २६ अंशांवर आणि खोली २३ ची. इथे काहीही वाचू नये: सगळ्या वाहिन्या मिटलेल्या आहेत, नसेला बोलायला जागाच उरलेली नाही. खोली एक-दोन अंशांनी वाढवून, थांबून पुन्हा फोटो घ्या. तरीही बोटांची टोकं हाताच्या मागच्या भागापेक्षा अंशाहून जास्त गार राहिली तर रेनॉचा (गारव्याने बोटांच्या रक्तवाहिन्या अति आवळण्याचा आजार) विचार करा.

निव्वळ उजवा-डावा तुलना करणं हा पुष्कळदा दिसणारा दोष आहे. कार्पल टनेल बऱ्याचदा दोन्ही हातांत असतो, त्यामुळे दुसरा हात निरोगी मानून चालत नाही.

किती फरक म्हणजे दोष? यासाठी छापील आकडा उसना घेऊ नका. तक्रार नसलेल्या २५-३० जणांचे फोटो तुमच्याच खोलीत, तुमच्याच कॅमेऱ्याने, याच पद्धतीने घ्या आणि त्यांचा फरक किती पसरतो ते पाहा. निरोगी बोटांतही अर्ध्या अंशाचा फरक सहज सापडतो. त्या पसाऱ्याच्या बाहेर पडणारा आकडाच मोलाचा.

गार पाण्याची चाचणी

स्थिर फोटोत काही दिसत नाही पण हकिगत पक्की आहे, अशा वेळी ही उपयोगी पडते. नसेचं नियंत्रण नीट आहे का, हे बोटांना थोडा त्रास दिल्यावर जास्त कळतं. रेनॉ, बोटांना जखमा, रक्तपुरवठ्याचा आजार किंवा सिकल सेल असेल तर करू नये. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचं विचारल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

बादलीत बरोबर २० अंशांचं पाणी. रुग्णाला पातळ हातमोजे घाला, म्हणजे हात ओले होणार नाहीत आणि बाष्पीभवन मधे येणार नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत १ मिनिट बुडवा, बाहेर काढून मोजे उतरवा, लगेच पहिला फोटो आणि नंतर दर मिनिटाला एक, १० मिनिटं. बर्फाचं पाणी वापरू नका: दुखतं, आणि दुखण्यानेच वाहिन्या आवळतात.

मूळ तापमान आणि पाण्यानंतरचं तापमान यांतला फरक म्हणजे शंभर टक्के; दहा मिनिटांत त्यातलं किती परत मिळवलं ते काढायचं. मधलं बोट ३१.८ वरून २४.६ वर आलं आणि दहाव्या मिनिटाला २९.४ झालं, तर ७.२ पैकी ४.८ परत, म्हणजे ६७ टक्के. करंगळी ३१.२ वरून २४.९ आणि मग ३०.६, म्हणजे ६.३ पैकी ५.७, साधारण ९० टक्के. एकाच हातात अशी दरी पडली तर एनसीव्हीची चिठ्ठी लिहायला आणखी एक कारण मिळालं.

जिथे करंगळीच दगा देते

सगळी तुलना करंगळीवर उभी असल्याने अल्नर नर्व्ह आजारी असेल तर ती कोसळते. कोपराशी अल्नर दबलेली असू शकते, मधुमेहात सगळ्याच नसा थोड्या थोड्या बिघडतात. आणि आपल्याकडे एक कारण विसरून चालणार नाही: कुष्ठरोग. पूर्व विदर्भात, पालघरसारख्या जिल्ह्यांत तो अजून भेटतो. त्यात अल्नर कोपराजवळ आणि मीडियन मनगटाच्या जरा वर जाड होते. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवून अल्नर जाड किंवा दुखरी आहे का बघा, अंगावर बधिर चट्टे शोधा, तळहाताचा घाम कुठे थांबला आहे का तपासा. असं काही सापडलं तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि रुग्णाला त्वचारोग तज्ज्ञाकडे किंवा सरकारी दवाखान्यात पाठवा. तिथे औषधं मोफत मिळतात, आणि वेळेवर सुरू झाली तर हात वाचतो.

एनसीव्हीच्या आधी कॅमेरा

थर्मल कॅमेऱ्याचा सगळ्यांत बिनतोड उपयोग हा आहे आणि तोच फार कमी ठिकाणी होतो. गार हातात नस मुळातच मंद वाहते: दर अंशाला वेग सुमारे २ मीटर प्रति सेकंद कमी होतो आणि मनगटापासूनचा उशीर सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढतो. एसीच्या खोलीत हात २८ अंशांवर असेल तर ३२ अंशांच्या मानाने ४ अंश कमी, म्हणजे ०.८ मिलिसेकंदाचा फुकटचा उशीर. ३.६ चं निरोगी वाचन ४.४ होतं आणि नसलेला कार्पल टनेल कागदावर येतो.

म्हणून थर्मल फोटो झाल्यावर, इलेक्ट्रोड लावण्याआधी हाताचं तापमान नोंदवा. ३२ अंशांच्या खाली असेल तर हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसा, पुन्हा फोटो. बोटांची टोकं गरम पण मनगट अजून गार, हे कॅमेऱ्यात लगेच दिसतं. एका जागी चिकटवलेल्या तापमापीला ते कळत नाही. बधिर हाताला पाण्याचा चटका समजत नाही, तेव्हा पाणी आधी स्वतःच्या कोपराने तपासा.

अहवाल

‘थर्मोग्राफीत कार्पल टनेल आढळला’ असं लिहू नये. खोलीचं तापमान, आर्द्रता, किती वेळ बसवलं, औषधं, प्रत्येक बोटाचे आकडे, तीन फोटोंतला फरक कायम राहिला की नाही, हे द्या आणि निष्कर्ष असा ठेवा: ‘उजव्या हातात मीडियन आणि अल्नर प्रदेशांच्या तापमानात सातत्याने फरक, हकिगत आणि एनसीव्हीशी पडताळून पाहावा.’ फोटो नॉर्मल आले म्हणून रुग्णाला परत पाठवू नका. रात्रीच्या मुंग्या टिपिकल असतील तर मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री सुरू करून पुढची तपासणी करा.

अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालेला, अंगठा तळहातापासून वर उचलताना दुबळा, किंवा बधिरपणा दिवसरात्र कायम, यांपैकी काही असेल तर थर्मल फोटोसाठी दिवस घालवू नका, थेट हाताच्या सर्जनकडे पाठवा. आणि मनगटाला मार लागल्यावर काही तासांत बोटं बधिर होत वेदना वाढत असेल तर ती तातडीची केस आहे; त्याच दिवशी, त्याच तासाला कॅज्युअल्टीत.